बच्चनच्या नावावरची फँटम

‘एकलव्य’ २००७च्या फेब्रुवारीत आला आणि तिकीटबारीवर फारसा चालला नाही. पण त्या सिनेमामुळे मुंबईच्या रस्त्यावर आलेली एक गाडी पुढे अठरा वर्षं बातम्यांत राहिली. दिग्दर्शक विधू विनोद चोप्रांनी अमिताभ बच्चन यांना भेट दिलेली रोल्स-रॉइस फँटम.

भेटीमागची गोष्ट चोप्रांनी स्वतःच मुलाखतींमधून सांगितली आहे. अमिताभ शूटिंगला आले ते अगदी छोटी बॅग घेऊन. पत्नी जयाजींनी म्हणे त्यांना आधीच बजावलं होतं, या माणसाबरोबर आठवड्यापेक्षा जास्त टिकणार नाही. चोप्रांचा स्वभाव इंडस्ट्रीत सगळ्यांना ठाऊक. खटके उडालेच, पण अमिताभ थांबले, सिनेमा पुरा केला, आणि त्या सहनशीलतेपोटी ही साडेचार कोटींची गाडी दारात उभी राहिली.

किल्ली द्यायला चोप्रा आईला घेऊन गेले होते. परतताना मायलेक चोप्रांच्या नेहमीच्या साध्या गाडीत. आई अमिताभना ‘लंबू’ म्हणायची. लंबूला गाडी दिलीस, मग स्वतःला का नाही घेत, असं तिने विचारलं. तिच्या हिशेबाने ती गाडी अकरा-एक लाखांची असावी. खरा आकडा ऐकला आणि तिने मुलाला मूर्ख म्हणत एक ठेवून दिली. मला हा किस्सा फार आवडतो, कारण त्या गाडीचा रुबाब ज्याच्यावर जराही चालला नाही, असं यात हे एकच माणूस आहे.

रुबाब आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पावणेसात लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आणि जवळपास अडीच टन वजन. मागची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे आतला माणूस वाकून, अंग चोरून उतरत नाही, सरळ चालत बाहेर येतो. त्याच दाराच्या जाडीत छत्रीची नळी असते, बटण दाबलं की छत्री बाहेर. चाकं फिरतात, पण मधली ‘आरआर’ अक्षरं कायम उभीच राहतात.

अशी गाडी सेकंडहँड बाजारात आली की हिशेब बदलतो. आलिशान सलूनची किंमत पहिल्या काही वर्षांत धडाधड उतरते. मेंटेनन्स मात्र नव्या गाडीचाच राहतो. ही उतरण थोडी थोपवते ती आरसी बुकावरची मालकाच्या नावाची ओळ. मोठं नाव असलं की ‘पार्टी’ भाव करताना आवाज खाली घेते. आणि इथेच गोम आहे. गाडी आपल्या नावावर चढवली की आरसीवरचं ते मोठं नाव जातं. शिवाय राज्याबाहेर न्यायची तर एनओसी आणा, नव्या राज्याचा रोड टॅक्स भरा. फँटमसारख्या गाडीला तोही लाखांत. मग काम लांबणीवर पडतं.

फँटम २०१९मध्ये कर्नाटकातल्या एका व्यावसायिकाकडे गेली. २२ ऑगस्ट २०२१च्या रविवारी बंगळुरूत परिवहन अधिकाऱ्यांनी महागड्या गाड्यांची तपासणी मोहीम काढली. तीत जप्त झालेल्या गाड्यांमध्ये ती होती आणि नोंदणी होती अमिताभ बच्चन यांच्या नावावर. बातमीचा मथळा अर्थातच बच्चन यांच्या नावाने झाला. २०२५मध्ये ती पुन्हा पकडली गेली. कर्नाटकचा टॅक्स थकला होता, दंडासह वसुली झाली १८ लाख ५३ हजारांची.

कायदा यात संदिग्ध नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेली गाडी तिथे नोंदवावी लागते. घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलासाठी कळवायचं असतं, आणि विकणाऱ्यालाही कळवायची मुदत आहे: राज्यातल्या राज्यात चौदा दिवस, बाहेर विकली तर पंचेचाळीस. ही दुसरी अट बहुतेकांच्या गावीही नसते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं, की गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईला नोंदणीतला मालकच जबाबदार. बच्चन यांच्याकडे निदान वकिलांची फौज असेल. पंधरा वर्षांची सँट्रो एजंटाच्या भरवशावर देऊन टाकणाऱ्या निवृत्त शिक्षकाकडे ती नसते, आणि मला काळजी त्यांचीच वाटते.

म्हणून गाडी विकताना मालकीबदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून मोकळे होऊ नका. खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती घ्या. महिन्याभराने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा, आणि अजून तुमचंच नाव दिसत असेल तर त्याच आठवड्यात आरटीओला लेखी कळवा.