बेपत्तांचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला)

सेनापतींनी सत्ता बळकावली, पुढे निवडणूक झाली आणि लोकशाही परत आली, असा लष्करी राजवटीचा इतिहास आपण तीन वाक्यांत पाठ करतो. पण निवडणूक झाली म्हणजे लोकशाही खरोखर परत आली काय? दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

२४ मार्च १९७६ रोजी जनरल व्हिडेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यक्षा इसाबेल पेरॉन यांना पदच्युत केले. संसद बरखास्त झाली. सशस्त्र बंडखोरांचा बीमोड करायचा आहे, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात कामगार पुढारी, विद्यार्थी, वकील, पत्रकार यांनाही रात्री-अपरात्री उचलून गुप्त छळछावण्यांत नेण्यात आले. अटकेची नोंद नाही, आरोपपत्र नाही, प्रेतसुद्धा नाही! नातेवाईकांचे हेबियस कॉर्पसचे अर्ज व्यर्थ गेले. या माणसांसाठी एकच शब्द उरला: बेपत्ता.

सरकारी कागदावर नाव नसले की कचेरीत काय ऐकून घ्यावे लागते, हे आमच्यासारख्या घरांत पुस्तक न वाचताही ठाऊक असते. तेथे तर सरकारने जिवंत माणसेच नोंदीबाहेर टाकली. नोंद नाही म्हणून गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही म्हणून गुन्हेगारही नाही, असा हा डाव होता.

तो डाव उघडा पाडला तो आयांनी. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा स्त्रिया राजधानी ब्यूनोस आयर्समध्ये, सरकारी वाड्यासमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. घोळक्याने उभे राहण्यास मनाई होती, म्हणून त्या फेऱ्या घालू लागल्या. पुढे डोक्याला पांढरा रुमाल बांधून दर गुरुवारी ही फेरी निघू लागली. त्यांच्या एक अग्रणी आसुसेना व्हिलाफ्लोर यांना त्याच वर्षी डिसेंबरात पळवून नेऊन ठार करण्यात आले. तरीही फेरी थांबली नाही.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनकडून पराभव झाला आणि लष्कराची पत गेली. सत्ता सोडण्यापूर्वी सेनापतींनी स्वतःच स्वतःला माफी देणारा कायदा करून घेतला. ऑक्टोबर १९८३ च्या निवडणुकीत राउल अल्फोन्सिन विजयी झाले. नव्या संसदेने तो कायदा रद्द केला. कादंबरीकार अर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० बेपत्ता व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त छावण्यांची नोंद केली. मानवी हक्क संघटना बेपत्तांचा आकडा ३०,००० सांगतात.

१९८५ मध्ये नऊ सेनापतींवर नागरी न्यायालयात खटला चालला. आठशेहून अधिक साक्षी झाल्या. व्हिडेला व मासेरा यांना जन्मठेप झाली, तिघांना कमी मुदतीची शिक्षा झाली आणि चौघे निर्दोष सुटले. बळी पडलेल्यांना जो वकील व जी उघड सुनावणी कधी मिळाली नाही, ती आरोपींना मिळाली. सूड आणि न्याय यांतील फरक तो हाच.

मात्र पुढची वाट सरळ नव्हती. १९८६ व १९८७ च्या कायद्यांनी पुढील खटले रोखले. १९८७ मध्ये काही लष्करी तुकड्यांनी बंडही केले. अध्यक्ष मेनेम यांनी १९८९-९० मध्ये शिक्षा झालेल्या सेनापतींना माफी दिली. अखेर २००३ मध्ये संसदेने ते दोन्ही कायदे रद्द केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले. २०१३ मध्ये व्हिडेला तुरुंगातच मरण पावले. कैदेत जन्मलेल्या वा पळवलेल्या मुलांपैकी १३० हून अधिक जणांचा शोध आज्यांच्या संघटनेच्या प्रयत्नांमुळे लागला आहे. काहींना आपली खरी आई कोण होती, हे चाळिशीत कळले.

लष्करी राजवट साडेसात वर्षे टिकली; तिचा हिशेब चार दशकांनंतरही पुरा झालेला नाही. मतपेटी उघडली, त्या दिवशी अर्जेंटिनात लोकांचे सरकार आले. पण आपल्या मुलाचे काय झाले, हे विचारणाऱ्या आईला सरकारने उत्तर देणे बंधनकारक झाले, तेव्हाच तेथे लोकशाही रुजू लागली, असे म्हणावे लागेल.