लाल गोळ्याचा निवडुंग : एक नव्हे, दोन झाडे

कोडोली - हिरव्या दांड्यावर लाल वा पिवळा काटेरी गोळा असलेला निवडुंग आज शहरांतील रोपवाटिकांत सर्रास मिळतो. मात्र, हे एक झाड नसून दोन निरनिराळ्या प्रजातींचे कलम आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यातूनच पावसाळ्यात ते कुजून जाण्याची वेळ येते.

वरचा गोळा 'जिम्नोकॅलिशियम' प्रजातीतील आहे. अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील हे तिचे मूळ प्रदेश. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ 'उघडा पुष्पकोश'. इतर अनेक निवडुंगांच्या कळ्यांवर लव वा काटे असतात. हिच्या कळ्या गुळगुळीत असतात. १८४४ मध्ये हे नाव रूढ झाले. प्रजातीत सुमारे ५० जाती आहेत. गोळे एकमेकांसारखेच दिसत असल्याने अभ्यासकांनी बियांचा आकार व पृष्ठभाग पाहून त्यांचे गट पाडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने हे गट बहुतांशी योग्य ठरविले.

लाल गोळा हा जपानमध्ये १९४०च्या दशकात रोपांतून निवडलेला बदल आहे. त्यात हरितद्रव्य नसल्याने तो स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. म्हणून त्याचे कलम तीनधारी हिरव्या खुंटावर करतात. हा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचाच असतो. सांगली, सोलापूरच्या कोरड्या भागात ज्याच्या बागा दिसतात, तोच हा वेल. खुंट कुजला, की गोळाही संपला. शिवाय दोघांची वाढ सारखी नसल्याने हा जोड सहसा काही वर्षेच टिकतो.

आपल्याकडील बांधावरचा तीनधारी निवडुंग मात्र या कुलातील नव्हे. तो एरंडाच्या कुलातील असून, तोडल्यास पांढरा चीक येतो. खऱ्या कॅक्टसचे काटे लवदार गादीतून फुटतात. हीच त्याची खूण.

वारणा खोऱ्यासारख्या पावसाळी भागात जून ते सप्टेंबर कुंडी आडोशाला ठेवावी. मातीत निम्मी जाड वाळू असावी आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे. खुंटाला उजेड हवा. दुपारच्या कडक उन्हाने मात्र गोळा करपतो. दीर्घकाळ टिकणारे झाड हवे असल्यास स्वतःच्या मुळांवर वाढणारे हिरवे जिम्नोकॅलिशियम घेणे अधिक श्रेयस्कर.