ब्रेकच्या नळीतला बुडबुडा

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना साखरपा मागे पडले की आंबा घाट लागतो. एकदा पावसाळा संपल्यावर आम्ही डिस्क ब्रेकच्या माउंटन बाईकवरून हा घाट उतरत होतो. निम्मा घाट उतरल्यावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागू लागला आणि एका वळणावर तर तो थेट हँडलला टेकला. मागचा ब्रेक स्वतंत्र होता, म्हणून सायकल कशीबशी कडेला थांबली. पाहिले तर पॅड शाबूत होते, नळी कुठे गळत नव्हती. गंमत म्हणजे पंधरा मिनिटांनी लिव्हर पुन्हा बऱ्यापैकी घट्ट झाला! मग बिघडले होते काय?

पास्कलचा नियम सायकलवर

या ब्रेकमध्ये तारेऐवजी द्रव भरलेली नळी असते. लिव्हर दाबला की एक छोटा दट्ट्या द्रवावर दाब देतो. पास्कलच्या नियमानुसार हा दाब सगळीकडे सारखा पोचतो आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधले दोन मोठे दट्टे पॅडना पुढे ढकलतात. पॅड चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी चिमटीत धरतात.

लहान दट्ट्याचा व्यास 10 मिलिमीटर आणि मोठ्यांचा 22 मिलिमीटर धरू. क्षेत्रफळांचे गुणोत्तर 4.84 येते, म्हणजे प्रत्येक पॅडवर जवळजवळ पाचपट बल मिळते. पण हे फुकट मिळत नाही. दोन्ही पॅड अर्धा मिलिमीटर सरकायला लहान दट्ट्याला सुमारे 5 मिलिमीटर सरकावे लागते. त्यात हलणारा द्रव असतो फक्त 0.4 घनसेंटिमीटर.

आता नळीत तेवढाच हवेचा बुडबुडा आहे असे समजा. दाब दहापट झाला की हवा दशांश होते, तर द्रव हजारात एक भागही दबत नाही. आपण लिव्हर दाबतो ते सारे बुडबुडा दाबण्यातच खर्च होते आणि पॅड जागचे हलत नाहीत.

घाटातली वाफ

आमच्या नळीत मात्र सकाळी हवा नव्हती. बुडबुडा घाटातच तयार झाला. सायकल व स्वार मिळून 90 किलोग्रॅम आणि उतार 500 मीटर धरला, तर सुमारे साडेचार लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेने 30 अंशांचे दीड लिटर पाणी उकळीला येईल! यातली काही ऊर्जा वाऱ्याच्या विरोधात जाते, पण ब्रेक धरून उतरताना बरीचशी तबकडीत आणि तेथून थोडी द्रवात उतरते.

डॉट जातीचा ब्रेकद्रव हवेतले बाष्प शोषतो. ताज्या डॉट 4 द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले तर तो 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत हा द्रव आम्ही तीन वर्षे बदललाच नव्हता! द्रव उकळला, वाफ झाली, लिव्हर मऊ पडला. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी झाले.

काही ब्रेकमध्ये खनिज तेल असते. ते पाणी शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी वेगळे राहून तळाशी, म्हणजे तापणाऱ्या कॅलिपरपाशीच साठते. तेव्हा तेही बदलावे लागतेच.

'एअर' कशी काढतात?

गॅरेजमध्ये या कामाला 'एअर काढणे' म्हणतात. चाक आणि पॅड काढून दट्ट्यांमध्ये ठोकळा बसवतात. लिव्हर आडवा करून त्याच्या वरच्या भोकावर छोटे नरसाळे लावतात. कॅलिपरच्या झडपेला सिरिंज जोडून नवा द्रव खालून वर सावकाश ढकलतात. बुडबुडे वर चढतात, म्हणून दिशाही खालून वर. नळीवर टिचक्या मारल्या की चिकटलेले बुडबुडे सुटतात. नरसाळ्यात बुडबुडे येणे थांबले की झडप आणि भोक बंद करतात. शेवटी लिव्हर जोराने दाबून धरतात. तो हळूहळू खचत गेला तर काम अपुरे आहे.

डॉट द्रव आणि खनिज तेल यांची अदलाबदल कधीही करू नये. रबरी सील खराब होतात. ब्रेकवर किंवा माहितीपत्रकात जो द्रव लिहिला असेल तोच वापरावा. डॉट द्रव रंग आणि त्वचेलाही अपाय करतो, म्हणून हातमोजे घालावेत. पॅडला तेलाचा थेंबही लागता कामा नये. तबकडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. जांभ्या दगडाचा लाल चिखल पॅड झिजवतो, तेव्हा पावसाळ्यात पॅडची जाडी वरचेवर पाहावी. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये, कारण पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

वर्गात करून पाहा

सुया काढलेल्या 5 आणि 20 मिलिलिटरच्या दोन सिरिंज सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडा. आधी त्यात पाणी भरून लहान दट्ट्या दाबा. मोठा किती सरकतो ते मोजा. मग पाण्यात थोडी हवा सोडा, मोठ्या दट्ट्यावर बोट धरून पुन्हा दाबा. व्यास मोजून बलाचे गुणोत्तर मुलांनाच काढू द्या. आणि एक प्रश्न विचारा: घाटात लिव्हर मऊ झाला, तर थांबून ब्रेक निवू देणे पुरेसे आहे का? आम्ही त्या दिवशी उरलेला घाट सायकल हातात धरून, चालत उतरलो.