एका रात्रीचे राजेपण

सिमेंट, रंग, ट्रॅक्टर किंवा विमा विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या उत्तम विक्रेत्यांना रोख बक्षिसाऐवजी सहलीस नेण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. सहल राजस्थानची असेल, तर तिच्या कार्यक्रमपत्रिकेत एक रात्र हमखास ‘शाही’ असते. उदयपूर, जोधपूर वा जयपूरच्या एखाद्या राजवाड्याच्या दरवाजात नगारे झडतात, झूल घातलेले उंट दुतर्फा उभे राहतात, पाहुण्यांच्या कपाळी कुंकुमतिलक लागतो, डोक्यास साफा बांधला जातो आणि वरच्या सज्जातून गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव होतो. वर्षभर गिऱ्हाइकांकडे वसुलीचा तगादा लावणारा आणि वरिष्ठांचा तगादा मुकाट सोसणारा माणूस त्या क्षणी मिशीवरून हात फिरवतो. मिशी नसली तरी फिरवतो.

या माणसाची टिंगल करणे सोपे आहे. मला ती करावीशी वाटत नाही. रोख रक्कम मुलांच्या फीमध्ये आणि घराच्या हप्त्यात विरून जाते, साफा बांधलेले छायाचित्र मात्र दिवाणखान्याच्या भिंतीवर राहते. कंपन्यांनी मनुष्यस्वभाव बरोबर ओळखला आहे. विचार करायचा तो इतकाच, की राजेपण म्हणून त्याला जे दिले जाते, त्यात काय ठेवले आहे आणि काय गाळले आहे.

राजवाड्यांची हॉटेले झाली हे मुळात वाईट झाले, असे म्हणवत नाही. जयपूरचे सवाई मानसिंह यांनी १९५७ साली रामबाग महाल पाहुण्यांस खुला केला. उदयपूरचे महाराणा भगवतसिंह यांनी १९६३ मध्ये पिछोला तलावातील जगनिवासाचे हॉटेल केले. पुढे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे संपले आणि झुंबरे पुसण्यापुरती माणसे ठेवणेही अनेकांना परवडेनासे झाले. पाहुण्यांचा पैसा आला नसता, तर यांतील कित्येक वास्तूंचे आज भग्नावशेषच पाहावे लागले असते.

जोधपूरचे उमेद भवन या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्याच्या एका भागात आज हॉटेल आहे, एका भागात संग्रहालय, आणि उरलेल्या भागात राजघराणे राहते. महाराजा उमेदसिंह यांनी १९२९ साली त्याचे काम सुरू केले, ते १९४३ पर्यंत चालले. खोल्या तीनशेच्या वर. परंतु ते सुरू झाले दुष्काळी काम म्हणून. मारवाडात लागोपाठ पाऊस न पडल्यामुळे हवालदिल झालेल्या हजारो माणसांना त्या बांधकामाने वर्षानुवर्षे रोजगार दिला. उपाशी प्रजेला स्वतःसाठी महाल बांधावयास लावणे ही कोठली दानत, असे कोणी विचारील, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही दुष्काळात आपल्याला काही केले पाहिजे, हा लाग्याबांध्याचा भाग राजेपणात गृहीत होता. तेवढाच नेमका शाही रात्रीतून गाळला गेला आहे.

तो सर्वाधिक जाणवतो तो गवयांच्या बाबतीत. भोजनाकडे जाणाऱ्या वाटेवर गालिचा टाकून चार-पाच माणसे बसलेली असतात. बहुधा ती मांगणियार किंवा लंगा असतात. जैसलमेर-बाडमेरकडचे हे पिढीजात गायक धर्माने मुसलमान. मांगणियारांची यजमान घराणी बहुतांशी राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मले की गायचे, लग्नात गायचे, त्याची वंशावळ मुखोद्गत ठेवायची. बदल्यात धान्य, बकरे, प्रसंगी उंट मिळायचा. हे नाते पिढ्यान्‌पिढ्या चाले. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्था काढली, आणि पुढे कोठारींनी या गायकांचे भांडार ध्वनिमुद्रित केले, त्यांना परदेशी रंगमंचावर नेले. त्या भांडारातले भोजनाच्या वाटेवर काय उरते? पाहुण्यांना ठाऊक असते ते ‘केसरिया बालम’. तेच गायचे, दर रात्री गायचे, आणि पाहुणे न थांबता पुढे जातात. कमायच्याचा तो खर्जातला, आतड्याच्या तारांचा आवाज पेल्यांच्या किणकिणाटात कोणाच्या कानी पडणार? हमीरा गावच्या साकर खाँ यांना याच वाद्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली होती.

जुन्या आश्रयाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. उस्ताद अल्लादिया खाँ मूळचे जयपूरकडील उणियाऱ्याचे. आमलेट्याच्या दरबारी दिवसेंदिवस गावे लागल्याने त्यांचा आवाजच गेला, आणि पुढे तो नव्याने घडवावा लागला. राजाची हौस अशीही असे. त्यांनाच मग शाहू महाराजांच्या कोल्हापुरात जवळजवळ पाव शतक, १९२२ पर्यंत, स्थैर्य लाभले. केसरबाई आणि मोगूबाई ज्या गायकीने ओळखल्या गेल्या, ती त्यांचीच. आश्रय चांगला किंवा वाईट असू शकतो, पण त्याचा परिणाम दिसायला वर्षे लागतात. शाही रात्र मात्र साडेदहाला संपते.

या तुटलेल्या नात्याची किंमत २०२० साली दिसली. टाळेबंदीत हॉटेले बंद झाली, सहली रद्द झाल्या आणि या गायकांची मिळकत एका आठवड्यात थांबली. ज्यांच्या स्वागतासाठी ते वर्षानुवर्षे गायले, त्या कंपन्यांशी त्यांचा करार नव्हता. कंपनीचा करार सहल ठरविणाऱ्याशी, त्याचा हॉटेलशी, हॉटेलचा एखाद्या मध्यस्थाशी. गवयाचे नावही वरपर्यंत पोहोचलेले नव्हते. दुष्काळ पडला, पण यजमान कोण, हेच कोणाला सांगता आले नसते.

वास्तविक फार मोठी गोष्ट करावयाची नाही. भोजनापूर्वीचा एक तास पाहुण्यांना बसवून गाणे ऐकवावे. काय गायचे ते गवयांनी ठरवावे. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांची नावे छापावीत. जी कंपनी दर हिवाळ्यास राजस्थानात येते, तिने एखाद्या मंडळीशी थेट काही वर्षांचा करार करावा आणि सहल रद्द झाली तरी ठरलेल्या बिदागीचा काही भाग द्यावा. हॉटेलच्या खोल्या रद्द केल्या तर पैसे कापून घेतले जातात, त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. गाण्याला तोच न्याय लावायचा आहे. काही जण म्हणतील, त्यापेक्षा पाहुण्यांनाच बसमध्ये घालून हमीऱ्यासारख्या गावी न्या. न्यावे, मात्र तेथेही अंगणात नवे गालिचे पडतील, उंटांवर झुली चढतील, आणि गावातली पोरे दारात साफे घेऊन उभी राहतील, ही धास्ती मला आहे.