दूरचा संगणक आणि एकवारचा हुकूम
(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

घरचा संगणक अडला, की आपण कळ दाबून तो पुन्हा सुरू करतो. सर्व्हरची गोष्ट निराळी. बेळगावातील एखाद्या पतसंस्थेची खाती बंगळूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर असली, तर ती कळ सुमारे ५०० किलोमीटर दूर असते. सर्व्हरला बहुधा पडदा नसतो, कळफलकही नसतो. जाळ्यातून हुकूम पाठवायचा, एवढाच आपला हात. आणि तो हातही कार्यप्रणाली पुरती उठल्यावरच पोहोचतो. मग नवी कार्यप्रणाली बसवायची कशी? ती उठलीच नाही, तर आपली हाक ऐकणार कोण?

यावरचा पहिला उपाय असा, की चकतीचे दोन विभाग करावेत. एकात जुनी, चालती प्रणाली, दुसऱ्यात नवी. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा. नव्या विभागातून सुरू होण्याचा हुकूम एकाच वेळेपुरता द्यावा. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर बँकेला दिलेली स्थायी सूचना वेगळी आणि एका रकमेचा धनादेश वेगळा. धनादेश एकदा वटला, की संपला.

१९९३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीबीएसडी' या प्रणालीत ही सोय फार सुबक आहे. चकतीच्या आरंभी विभागांचा एक तक्ता असतो. त्याला 'जीपीटी' म्हणतात. तक्त्यातील प्रत्येक नोंदीत खुणांसाठी थोडी जागा असते. तीत फ्रीबीएसडी तीन खुणा वापरते : 'बूटमी', म्हणजे येथून सुरू हो, 'बूटवन्स', म्हणजे एकदाच, आणि 'बूटफेल्ड', म्हणजे प्रयत्न फसला. 'जीपार्ट' या आज्ञेने नव्या विभागावर 'बूटवन्स' लावली, की 'बूटमी' आपोआप लागते.

यंत्र पुन्हा सुरू होताना 'जीपीटीबूट' हा छोटा कार्यक्रम या दोन्ही खुणा असलेला विभाग आधी शोधतो. तो सापडला, की त्यावरील 'बूटमी' तो प्रथम पुसतो आणि मगच नव्या प्रणालीच्या हाती सूत्रे देतो. सारी खुबी या क्रमात आहे. खूण नंतर पुसायची ठरवली असती, तर वाटेतच कोसळलेल्या यंत्राला ती पुसता आली नसती आणि ते पुनःपुन्हा त्याच खड्ड्यात गेले असते. नवी प्रणाली नीट उठली, तर ती उरलेली 'बूटवन्स' काढून यशाची नोंद करते. न उठल्यास पुढच्या वेळी 'जीपीटीबूट'ला एकटी 'बूटवन्स' दिसते. तो तिची 'बूटफेल्ड' करतो आणि जुन्या विभागाकडे वळतो. सर्व ठीक दिसल्यावर 'बूटमी' जुन्यावरून काढून नव्यावर कायमची लावणे, हे काम मात्र माणसाचे.

लिनक्सवर 'ग्रब-रिबूट' ही आज्ञा, तर नव्या यंत्रांच्या 'यूईएफआय'मध्ये 'बूटनेक्स्ट' ही नोंद हेच काम करते. ग्रबची एक मेख लक्षात ठेवावी. त्याची नोंदवही एलव्हीएम किंवा रेडवर असेल, तर सुरू होताना त्याला ती वाचता येते, पण खोडता येत नाही. अशा वेळी एकवारचा हुकूम कायमचा होऊन बसतो!

तरीही दोन गोष्टी उरतात. परत फिरण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू व्हावे लागते. गाभाच कोसळला, तर फ्रीबीएसडी बहुधा स्वतःच पुन्हा सुरू होते. पण प्रणाली उठली आणि जाळ्याची मांडणीच चुकली, तर यंत्र जागे असूनही आपल्याला परके होते. यासाठी जाणकार नव्या प्रणालीत आधीच सांगून ठेवतात, की अर्ध्या तासाने पुन्हा सुरू हो. आत शिरता आले, तर ते हा हुकूम रद्द करतात. न आले, तर यंत्र आपोआप जुन्या घरी परतते. यंत्र अगदीच गोठले, तर मात्र वीज तोडून जोडावी लागते. ती सोय सर्व्हर भाड्याने घेतानाच विचारून घ्यावी.

दुसरी गोष्ट हिशेबाची. दोन्ही प्रणाली एकाच खात्यांवर काम करीत असतील आणि नवीने त्या फायलींची रचना बदलली असेल, तर जुनीकडे परतूनही जुनी खाती परत येत नाहीत. खुणा केवळ प्रणालीला मागे नेतात, खतावणीला नव्हे. म्हणून एकवारचा हुकूम देण्यापूर्वी खात्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर काढून, ती उघडते की नाही हे पाहावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.