उभ्या भिंतीवरचे कौलकाम

इंग्लंडच्या आग्नेयेला केंट, ससेक्स आणि सरे हे तीन परगणे एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या मधोमध पसरलेल्या चिकणमातीच्या आणि ओकच्या झाडीच्या टापूला वील्ड म्हणतात. हॅझलमियर, विटली, बर्वॉश, टेंटरडन अशा तिथल्या गावांत जुन्या घरांचा खालचा मजला विटांचा असतो आणि वरच्या मजल्याची सबंध भिंत कौलांनी झाकलेली असते. कुठे साधी चौकोनी कौले, तर कुठे त्यांच्यामधून माशाच्या खवल्यांसारख्या गोल कडांचे पट्टे फिरवलेले. मातीतल्या लोहामुळे भाजल्यावर त्यांना नारिंगीपासून काळपट तांबड्यापर्यंत रंग येतो आणि एका भिंतीवर त्याच्या वीसेक छटा सहज सापडतात.

ही सजावट म्हणून सुरू झालेली गोष्ट नाही. वील्डमधली जुनी घरे ओकच्या सांगाड्याची. ओक ओला असतानाच कापून उभा करत आणि मधले गाळे काठ्या विणून, माती लिंपून भरत. लाकूड वाळले की आकसते आणि माती व लाकूड यांच्यामध्ये फट पडते. वाऱ्याबरोबर आडवी येणारी पावसाची झड त्या फटीतून थेट खोलीत उतरते. कोकणात पाऊस लागण्याआधी वाऱ्याच्या बाजूच्या पडवीला झाप बांधतात. गरज तीच, फक्त वील्डच्या लोकांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यासाठी भाजलेली माती वापरली आणि ती कायमची ठेवली. वरच्या मजल्याला झड जास्त लागते, म्हणून कौले आधी तिथे चढली.

विटांवरचा कर चुकवण्यासाठी लोकांनी भिंतींना कौले लावली, ही गोष्ट तिथे फार सांगितली जाते. ती टिकत नाही. 1784 साली विटांवर कर बसला, तेव्हा त्याच कायद्याने कौलांवरही बसला. कौलांवरचा 1833 मध्ये उठला, विटांवरचा 1850 मध्ये. शिवाय भिंतीवरची कौले या कराच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीपासून आहेत.

कौल मात्र कायद्यानेच घडवले आहे. चौथ्या एडवर्डच्या काळात, 1477 साली, कौलाचे माप ठरवणारा कायदा झाला: साडेदहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद आणि निदान पाच अष्टमांश इंच जाड. माती नोव्हेंबर लागण्याआधी खणायची, फेब्रुवारीआधी उलथून घ्यायची आणि मार्च उजाडेपर्यंत तिला साच्यात घालायचे नाही, असेही त्यात सांगितले होते. हिवाळ्याची थंडी मातीतून जाऊ द्यायची, म्हणजे भाजलेले कौल गारठ्याने फुटत नाही, हा त्यामागचा अनुभव. आजचे कौल 265 मिलिमीटर लांब आणि 165 रुंद आहे. साडेपाचशे वर्षांत रुंदी पाव इंच वाढली, लांबी तीच राहिली. मंगलोरी कौलाला खाचा असतात आणि एक कौल दुसऱ्यात अडकते. या कौलाला तसले काही नाही. ते जवळजवळ सपाट असते, पाठीला दोन खुंट आणि वरच्या कडेला खिळ्यांची दोन भोके. पाणी अडवण्याचे सारे काम एकावर एक चढवण्याच्या हिशेबावर चालते, आणि हे काम शिकणे म्हणजे मुख्यतः तो हिशेब शिकणे.

भिंतीवर आडव्या रिपा मारतात आणि रिपेवर कौल टांगतात. वरच्या थराने खालचा थर अर्ध्याहून जास्त झाकलेला असतो, आणि त्याच्याही खालच्या थराच्या डोक्यावर तो किमान 35 मिलिमीटर चढलेला असतो. 265 मधून 35 वजा करून दोनाने भागले की 115 उत्तर येते. एका रिपेपासून दुसरीपर्यंतचे हे अंतर, म्हणजे गेज. 115 ही त्याची कमाल मर्यादा. छतावर पाणी सावकाश वाहते म्हणून तिथे 100 च्या वर जाता येत नाही. भिंतीवरून ते लगेच निथळते, म्हणून एवढी सवलत. या गेजने एका चौरस मीटरला 53 कौले लागतात. छतावरचे कौल बरेचसे स्वतःच्या वजनाने बसते. भिंतीवर प्रत्येक कौलाला दोन खिळे हवेत, तेही तांब्याचे, ॲल्युमिनियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. जुने लोखंडी खिळे गंजत आणि धडधाकट कौल त्यापायी खाली येई. खिळा आवळून ठोकायचा नाही. कौल टांगलेले राहिले पाहिजे, कारण मागचे लाकूड ऋतूप्रमाणे हलते.

गेज कमी करता येते, वाढवता येत नाही. शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथे सुरू होते. समजा, कौलकामाच्या खालच्या कडेपासून खिडकीच्या तळापर्यंत 900 मिलिमीटर भिंत आहे, खिडकी 1200 उंच आहे आणि तिच्यावर छताच्या आडव्या फळीपर्यंत 480 उरतात. तळाशी आणि माथ्याशी पूर्ण थर यायला हवा, कापलेला तुकडा नको. खाली आठ थर घेतले तर गेज 112 पडते. खिडकीच्या बाजूला अकरा थर, गेज 109. हा तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. पण वरच्या 480 ला चार थर पुरत नाहीत आणि पाच घेतले तर गेज 96 वर येते. थर एकाएकी अरुंद झालेले रस्त्यावरूनही दिसतात. नवशिका इथे वरचा थर कापायला निघतो. जाणता कारागीर सुताराला गाठतो आणि छताखालची फळी 20 मिलिमीटर खाली घ्यायला सांगतो. मग 460 मध्ये 115 चे चार थर नेमके बसतात. हे बोलणे पहिली रीप मारण्याआधी व्हावे लागते. म्हणून या कामात पहिल्या दिवशी भिंतीवर एकही कौल चढले नाही, तर तो दिवस वाया गेला असे मी म्हणणार नाही. लांब पट्टीवर गेजच्या खुणा करायच्या, ती पट्टी प्रत्येक खिडकीशी धरून पाहायची, पाणसळ लावायची, रंगाचे सूत मारायचे, आणि मग रिपा.

नक्षीची कौले या हिशेबाला आणखी काटेकोर करतात. त्यांची वरची बाजू साध्या कौलासारखीच असते, फक्त खालची कड वेगळी: अर्धगोल, टोकदार, माशाच्या शेपटीसारखी, बाणाच्या टोकासारखी. प्रत्येक थर खालच्यापेक्षा अर्ध्या कौलाने सरकवलेला असतो, म्हणजे गवंडी वीटकामात सांधमोड करतो तशीच इथेही. गोल कडेची दोन कौले शेजारी लावली की त्यांच्यामध्ये खाच राहते आणि खाचेतून खालच्या थराचे कौल दिसते. सांधमोड अचूक असेल तर तिथे त्या कौलाचा भरीव मध्यभाग येतो. पाणी सांध्यातून उतरते ते थेट भाजल्या मातीवर. साध्या कौलांच्या भिंतीत एखादे कौल थोडे बाजूला गेले तरी सरळ कडा ते लपवते. गोल कडांच्या थरात तेच कौल आधी डोळ्याला खुपते आणि जास्त सरकले तर खालच्या थराचा सांधा खाचेकडे ओढला जाऊन पावसाच्या वाटेवर येतो. नक्षी बिघडलेली दिसली की आतला हिशेबही बिघडला आहे, असे खुशाल समजावे. मला या कलेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात सौंदर्य आणि पाण्यापासूनचे रक्षण यांसाठी दोन वेगळ्या मोजण्या कराव्या लागत नाहीत.

जुन्या कारागिरांनी सबंध भिंत नक्षीने क्वचितच भरली. तीन-चार साधे थर, मग तेवढेच गोल कडेचे, पुन्हा साधे. सपाट पट्ट्यावर ऊन सरळ पडते आणि गोल पट्ट्यात सावल्यांच्या लहान लहान चंद्रकोरी उमटतात. दोन्ही पट्टे शेजारी असल्यानेच ते उठून दिसतात. आज काही नव्या घरांवर एकाच आकाराची आणि यंत्रातून एकाच रंगात आलेली कौले वरपासून खालपर्यंत लावतात. ती भिंत पाणी अडवते, पण तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहावेसे वाटत नाही.

कोपरे आणि कडा हे सर्वांत अवघड. कोपऱ्यासाठी काटकोनात वळवलेली खास कौले मिळतात, डावी आणि उजवी. एका थराला डावे लावले तर पुढच्याला उजवे, नाहीतर सांधमोड तुटते. भिंतीची उभी कड जिथे संपते तिथे एकाआड एक थरात दीडपट रुंदीचे कौल घेतात, कारण अर्ध्या कौलाला एकच खिळा बसतो आणि वाऱ्यात ते टिकत नाही. त्रिकोणी भिंतीच्या उतरत्या कडेला तर नुसते तिरके कापून चालत नाही. तसे केले की टोकाला खिळ्याचे भोकच नसलेला तिकोनी तुकडा उरतो. त्यावर विंचेस्टर कट नावाची युक्ती आहे. शेवटचे कौल उताराच्या कडेला काटकोनात फिरवून बसवायचे आणि शेजारचे त्याला जुळेल असे कापायचे. पाणी कडेपासून आत वळते आणि प्रत्येक तुकडा खिळा घेण्याएवढा मोठा राहतो. तळाशी पहिल्या थरामागे जाड पट्टी देऊन तो किंचित बाहेर काढतात, म्हणजे पाणी खालच्या विटांवर न ओघळता सुटून पडते.

एकोणिसाव्या शतकात शहरी वास्तुविशारदांचे या गावठी कामाकडे लक्ष गेले. रिचर्ड नॉर्मन शॉने ससेक्समधली जुनी घरे हिंडून रेखाटली आणि 1860 च्या दशकाच्या अखेरीस ग्रूमब्रिजजवळच्या लेसवुड या मोठ्या घराला तशाच भिंती दिल्या. फिलिप वेबने 1890 च्या दशकात ईस्ट ग्रिनस्टेडजवळ स्टँडन बांधले, त्यावरही कौले आहेत. हेलन अ‍ॅलिंगहॅम 1881 पासून विटलीजवळ राहून अशा घरांची जलरंगातली चित्रे करत होती, आणि बागरचनाकार गर्ट्रूड जेकिलने 1904 च्या ‘ओल्ड वेस्ट सरे’ या पुस्तकात त्यांची छायाचित्रे जपून ठेवली. जेकिलबरोबर काम करणारा तरुण म्हणजे एडविन ल्युटेन्स, पुढे नवी दिल्ली रचणारा. त्याचे बालपण सरेतल्या थर्स्ली गावात गेले आणि सुरुवातीच्या त्याच्या घरांवर ही भिंत दिसते.

लंडनमधल्या कौलकार आणि गवंड्यांच्या संघाला 1568 साली राजसनद मिळाली, तेव्हा उमेदवारी सात वर्षांची असे. आज ब्रिटनमध्ये हे काम छताच्या कौलकामाच्या प्रशिक्षणाचाच भाग म्हणून शिकवले जाते आणि बरेचसे शिक्षण मुकादमाच्या हाताखाली मचाणावर होते. जुन्या भिंतींचे शिक्षण वेगळे. कवी-कलाकार विल्यम मॉरिस आणि वेब यांनी 1877 साली काढलेली प्राचीन इमारतींच्या रक्षणाची संस्था आजही कारागिरांना फेलोशिप देते, आणि ससेक्समध्ये सिंगल्टनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात जुन्या बांधकामाचे वर्ग चालतात. जुन्या भिंतीवर बहुतेकदा कौले चांगली असतात, रिपा कुजलेल्या आणि खिळे गंजलेले असतात. तेव्हा कौले वरून खाली, थराथराने उतरवायची, प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहायचे आणि खणखणीत वाजेल तेच ठेवायचे. जी भरती नवी करावी लागते ती आडबाजूच्या भिंतीला द्यायची आणि तिथली जुनी कौले दर्शनी भागाला आणायची, की नव्या कौलांच्या भडक रंगाचे ठिगळ समोर दिसत नाही.