दिवा लागला, पण वेग किती?

स्टोरेज यंत्रणेच्या पोर्टवरचा दिवा लागला, की जोडणी ठीक आहे असे आपण समजतो. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

नेटअ‍ॅपच्या यंत्रणेला ‘नेटवर्क पोर्ट शो’ ही आज्ञा दिली, की पडद्यावर प्रत्येक पोर्टची एक ओळ उमटते. ‘लिंक’च्या रकान्यात ‘अप’ म्हणजे जोडणी आहे, ‘डाउन’ म्हणजे नाही. आता ‘स्पीड’चा रकाना पाहू. त्यात दोन नोंदी असतात : पहिली आपण नेमून दिलेली, दुसरी प्रत्यक्ष मिळालेली. ‘ऑटो/१०००’ म्हणजे दोन्ही टोकांनी आपसांत वेग ठरवला आणि तो सेकंदाला १००० मेगाबिट निघाला.

तिथे १०० दिसले तर? नेहमीच्या तांब्याच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००० मेगाबिटला चारही लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणून एखादी जोडी तुटली, तर काही उपकरणे १०० वर उतरतात. दिवा मात्र लागलेलाच!

८ बिटांचा एक बाइट. ९०० गिगाबाइट माहितीची प्रत काढायला १००० च्या वेगाने किमान २ तास लागतात, १०० च्या वेगाने २० तास. रात्री सुरू केलेली प्रत सकाळी अर्धवटच असेल. हे गणित वर्गात जरूर करून पाहावे.